तिसरं शिफारसपत्र

१९३८ साली लंडनला अर्थशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी अर्ज करताना रवळू गावडेला तीन शिफारसपत्रं हवी होती. दोन त्याच्या प्राध्यापकांनी दिली. तिसऱ्याबद्दल ते म्हणाले, "तुझा विषय ज्याला आतून ठाऊक आहे, अशा माणसाचं घे." रवळू थेट खानापूरला, लाकडाचे ठेकेदार रावसाहेब मार्तंडराव यांच्या बंगल्यावर गेला.

रावसाहेबांना इंग्रजीत झोकदार सही येत होती. इंग्रजी येत नव्हतं, आणि हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे, एवढंच काय ते त्यांना माहीत नव्हतं.

"पत्र तूच लिहून आणलंस, बरं केलंस रं. चष्मा सापडंना झालाय, वाच बघू." चष्मा नाकावरच होता.

रवळू इंग्रजीत वाचू लागला. रावसाहेब प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

"माझं नाव आलंय ते वाक्य परत वाच. लई झ्याक उतरलंय."

रवळूने परत वाचलं, अगदी सावकाश.

"बापाचंबी नाव घातलंस व्हय? असू दे, असू दे. जल्मभर आमच्याच रानात राबला त्यो," म्हणत रावसाहेबांनी सही ठोकली.

त्या वाक्याचा अर्थ एवढाच होता: "जांबोटीच्या जंगलातल्या वेठबिगारीवर उमेदवाराने लिहिलेला शब्द न शब्द खरा आहे, कारण तिथे माणसं फुकट राबवणारा ठेकेदार मी, रावसाहेब मार्तंडराव, स्वतःच आहे, आणि उमेदवाराचे वडील भरमा गावडे हे त्यांतलेच एक."