तळ्याच्या आड येणारी घरं

मजूर पहारी घेऊन आले, तेव्हा जमीनदाराची आई लेडी ऑगस्टा एका कुळाच्या गवती छपराच्या घरापुढे, दार अडवून, खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या इंग्रजी खेड्यातली सगळी जमीन त्यांच्या घराण्याची. मुलाला, रुपर्टला, हवेलीसमोर तळं हवं होतं आणि कुळांची घरं आड येत होती.

रुपर्ट घोडा फेकत आला. "आई, ऊठ. लोक बघताहेत."

"बघू देत. तुझ्या आजोबांना आवाज नको होता म्हणून त्यांनी गावाची पाणचक्की पाडली. मी नवी सून, गप्प बसले. तुझ्या वडिलांनी गावाचं कुरण कुंपणात घेतलं, तेव्हाही गप्पच बसले. आता सासरा नाही, नवरा नाही. भिऊ कुणाला? तुला?"

"जमीन आपली आहे!"

"आणि आई? पाड घर, माझ्यासकट."

रुपर्टने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने टोपी काढली, बाईंपुढे मान लववली आणि पहार गाडीत टाकून दिली. मग बाकीच्यांनीही टाकल्या.

बाई हवेलीत परतल्याच नाहीत. त्या घरातल्या म्हाताऱ्या विधवेसोबत तिथेच राहिल्या. रुपर्टने नाताळपर्यंत कळ काढली, मग एका सकाळी मुकाट्याने आला. दार बुटकं होतं. आत शिरताना त्या उंच माणसाला कमरेत वाकावं लागलं.

"दार एवढंच राहणार," बाई म्हणाल्या. "ये, बस. जेवून जा."