एडिथ नावाचा दाखला

“ई, डी, आय, टी, एच,” कांताबाई सिस्टरांनी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत कागदावर लिहिलं.

“बाप रे, पाच अक्षरं लागतात?” उकंडा म्हणाला. “आमी तं घरी नुसतं इडू म्हनतो.”

“शेवटचं अक्षर वेगळं असं ऐकू येत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पण टाकूनही देता येत नाही.”

राजूरच्या खाणीत पंचवीस वर्षं कोळसा उपसलेला उकंडा सकाळच्या एसटीनं राळेगावला आला होता, तो या एका कागदासाठी. कागदावाचून लेकीचं लग्न अडलं होतं.

स्थळ घाटंजीचं. मुलगा भीमराज, शाळामास्तर. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत, देण्याघेण्याची भानगड नाही. पण भीमराजचे काका धावजी म्हणजे काट्याचा नायटा करणारा माणूस. सोयरिकीला नावं ठेवायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी नावालाच धरलं. छप्पन साली आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याला सहा वर्षं झाली, मग पोरीचं हे साहेबाचं नाव कशाला? आईबाप आतून ख्रिस्ती तर नाहीत? नाव लिहितात कसं, त्याचा अर्थ काय आणि ते आलं कुठून, हे ज्यांनी ठेवलं त्यांच्या सहीनं लिहून आणा. रविवारपर्यंत. नाहीतर आम्ही दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे.

इडू दोन दिवसांपासून धड जेवली नव्हती. उकंडाला ते पाहवत नव्हतं. चार लेकरं मातीत घातल्यावर पदरात राहिलेली ही एकच पोर.

“आता अर्थ सांगा,” तो म्हणाला.

“जुन्या इंग्रजीतलं नाव आहे. भाग्य आणि लढाई, असे दोन शब्द त्यात आहेत. लढाईत जिचं भाग्य उजळतं, ती एडिथ.”

उकंडानं मांडीवर थाप मारली. “लढाई! धावजी खूश होते पाहा. त्याईले असंच पायजे!”

सिस्टरांनी तेही लिहिलं. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर त्या इथे एकट्याच राहत होत्या. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. घरात एक खाट, एक टेबल आणि भिंतीवर येशूचं चित्र. उकंडाला त्यांच्याबद्दल इतकंच ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर तो त्यांना देवमाणूस म्हणत असे.

“सुपाची गोष्ट सांगतली मी धावजीले,” तो म्हणाला. “तं भडकलाच. म्हने, हे जुनं खूळ.”

ती गोष्ट उकंडा भेटेल त्याला ऐकवत असे. अठरा वर्षांपूर्वी, चार लेकरं गेल्यावर, त्याची बायको सत्यभामा पाचव्या खेपेला एका आडवळणाच्या दवाखान्यात बाळंत झाली. पोर काळीनिळी, मुठीएवढी. सत्यभामा तापानं फणफणलेली. कांताबाई दोन महिन्यांच्या आजारपणानंतर त्याच आठवड्यात कामावर आल्या होत्या, अंगात धड त्राण नव्हतं. तरी त्यांनी पोर दुपट्यात गुंडाळून आपल्या खोलीत नेली. तीन दिवस कुणाला आत येऊ दिलं नाही.

चौथ्या दिवशी उकंडाची आत्या सूप घेऊन हजर झाली. लेकरं जगत नसली की नवं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, परक्या बाईनं ते उचलायचं, आणि आईनं तिच्याकडून ज्वारी देऊन विकत घ्यायचं. मरणाला वाटतं, हे लेकरू दुसरीचं, आणि ते उंबऱ्यावरून परत जातं. उकंडा स्वतः असाच जगला होता, म्हणून त्याचं हे नाव, उकंडा म्हणजे उकिरडाच. शिकलेल्या ख्रिस्ती नर्सबाई असल्या प्रकाराला हसतील, अशी सगळ्यांना धास्ती होती. पण त्यांनी मुकाट्यानं पोर सुपात घातली, पुन्हा उचलली, सत्यभामेच्या हाती दिली आणि ज्वारी पदरात घेतली. एकच अट घातली, नाव मी ठेवीन.

“तीन दिसात पोर अशी भरली का सत्यभामा पाह्यतच राह्यली,” उकंडा म्हणाला. “मी अजून लोकायले सांगतो, आमची पोर इकतची हाये, सिस्टरबाईजवळून घेतली!”

सिस्टर हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला.

“तिचा त्या मुलावर जीव आहे?”

“लय. पन मले म्हने, बाबा, लग्न मोडलं तरी चालते, माह्या नावाबद्दल एक अक्षर खोटं लिवून आनू नोका.”

“असं म्हणाली?”

“हो जी. धावजीही लय खोदून इचारते. तवा नाव आलं कोठून, ते खरं खरं लिवा.”

सिस्टरांनी टाक उचलला आणि सावकाश एक ओळ लिहिली.

“काय लिवलं?”

“एडिथ माझ्या आईचं नाव होतं. ते तिथून आलं.”

उकंडाचा चेहरा उजळला. एवढ्या मानाचं नाव आपल्या पोरीला मिळालं होतं आणि अठरा वर्षं आपल्याला पत्ताच नव्हता. डोळे भरून आल्यासारखे झाले म्हणून त्यानं मुद्दामच थट्टेचा सूर लावला.

“मंग सिस्टरबाई, खुद मायचं नाव परक्या पोरीले काहून देल्लं? भावाबहिनीच्या पोरीले ठेवाचं होतं ना!”

“मला भाऊ नाही, बहीण नाही,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि त्याच्यापुढे ठेवली. “आणि आमच्या घराण्यात आजीचं नाव सख्ख्या नातीशिवाय कुणाला ठेवत नाहीत, उकंडाभाऊ.”