कोरं झाकण

आरोहीने खोक्याचं झाकण कोरं ठेवलं होतं, आणि शेखर सरांची नजर नेमकी तिथेच अडकली.

"वेळ पुरला नाही का?"

"पुरला सर. झाकणावर काही नकोच होतं."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. इंदिरानगरमधल्या त्यांच्या डिझाइन स्टुडिओत जागा एक होती आणि उमेदवार तीन. तिघांनाही सकाळी पुठ्ठ्याचं एकेक कोरं खोकं मिळालं होतं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी त्याचं डिझाइन करायचं, प्रिंट काढून चिकटवायचं, वेळ तीन तास. खोकी खुद्द गिऱ्हाइकाने आणली होती. गोरक्षदादा त्यांचं नाव, दिंडोरीकडे त्यांचं द्राक्षं भरून पाठवायचं पॅकहाऊस होतं. त्यांनी खोकी चार आणली होती. चौथं कशाला, हे कुणी विचारलं नाही. ते कोपऱ्यात पडून होतं आणि दादा त्याच्या शेजारी बसून दुसरा चहा घेत होते.

नाशिकमध्ये राहून द्राक्षं काढता येत नाहीत असा डिझायनर अजून जन्माला यायचाय. तरी बाकीच्या दोन उमेदवारांपैकी शहजादचं झाकण बघून खरोखर तोंडाला पाणी सुटत होतं. काळोख्या जांभळ्या रंगावर हिरवा घड, मण्यामण्यावर थेंब. साईच्या झाकणावर नुसती सोनेरी अक्षरं होती, पण काय रुबाब होता त्यांचा. त्या दोघांत आरोहीचं खोकं म्हणजे लग्नाला घरच्या कपड्यांवर आलेली पाहुणी. जे काही होतं ते अरुंद बाजूवर. फिका हिरवा रंग, मालाचं ठळक नाव, आणि कोपऱ्यात काडेपेटीएवढा पांढरा चौकोन. चौकोनात मार्करने लिहिलं होतं, ३७.

"हे सदतीस काय आहे?"

"नमुना आहे सर. काहीतरी आकडा टाकायचा म्हणून."

खोटं बोलली की आरोहीचे कान तापायचे. आत्ताही तापले.

कॉलेज संपून आठ महिने झाले होते. ही सहावी मुलाखत. आधीच्या पाचही ठिकाणी अनुभव विचारला होता, पण पहिल्या नोकरीआधी तो कुठून आणायचा हे कुणी सांगत नव्हतं. हीही गेली तर सोमवारपासून नाशिक रोडला, मामाच्या ओळखीच्या मोबाइल दुकानात काउंटरवर उभं राहायचं ठरलं होतं. आजच्याही अर्जात 'तुमचं काम ओळखणारी व्यक्ती' हा रकाना तिने कोराच ठेवला होता. आईच्या व्यवसायापुढे 'गृहिणी' लिहिलं होतं. पाचही ठिकाणी तेच लिहिलं होतं. लिहिताना लाज वाटायची, पण दुसरं काही लिहायची हिंमत होत नव्हती.

"माल विकायचा तर डोळ्यात भरायला हवा," सर म्हणाले. त्यांनी तिचं खोकं हळूच बाजूला सरकवलं. "शहजाद, तू जरा थांब."

सगळे काय ते समजले. शहजादने आरोहीकडे बघितलं आणि बिचारा स्वतःच ओशाळला. आरोहीने बॅग उचलली. रडायचं ते रिक्षात, इथे नाही, एवढंच तिने मनाशी ठरवलं.

गोरक्षदादा उठले. "सर, जरा हात लावू का?"

त्यांनी साईचं खोकं खाली ठेवलं. त्यावर शहजादचं. त्यावर आरोहीचं. मग कोपऱ्यातलं चौथं, कोरं खोकं आणून सगळ्यात वर ठेवलं.

"हे कोल्ड स्टोरेज समजा. आता सांगा, माल कुणाचा?"

सोनेरी अक्षरं गेली. थेंबवाला घड गेला. थप्पीत एकच नाव वाचता येत होतं, तेही पार दारापासून.

"खोकं कधी एकलं नसतंच सर. दुकानात जाईस्तोवर ते थप्पीत राहतं." दादांनी पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आन् हे. पॅकिंग करणाऱ्या बाईचा नंबर. मागच्या साली आमचं खोकं लय देखणं होतं, काळंभोर. बाजूवर मार्कर उमटंना, म्हणून बायांनी नंबर झाकणाच्या आत लिहिले. एक घड खराब निघाला, कुणी भरला ते बघायला अख्खी थप्पी उतरवली." ते आरोहीकडे वळले. "कुणी सांगितलं गं तुला हे?"

"कुठंतरी वाचलं होतं."

"हे कुठं छापलेलं नसतं, ताई."

शेखर सर थप्पीकडे बघत राहिले आणि शेवटी स्वतःलाच हसले.

"वीस वर्षं मी झाकणं रंगवतोय," ते म्हणाले. "सोमवारपासून ये." मग त्यांनी तिचा अर्ज पुढे केला. "फक्त हा रकाना कोरा आहे. तुझं काम ओळखणारं कुणीतरी. कॉलेजातल्या सरांचं नाव टाक, चालेल."

तिने पेन घेतलं. कॉलेजातल्या सरांचं नाव अगदी जिभेवर होतं. तिने ते लिहिलं नाही. लिहिलं ते असं: छाया झुंबर गांगुर्डे. द्राक्ष पॅकिंग, पिंपळगाव. पंधरा हंगाम. नंबर ३७.

सरांनी अर्ज वळवून वाचला. "या कोण?"

"माझी आई," आरोही म्हणाली. मग तिने अर्ज परत ओढून घेतला आणि वरच्या ओळीतलं 'गृहिणी' खोडलं.