आघाडीचे तिघे

डब्यात चिरलेली लिंबं, मीठ लावून. प्रिन्सिपलच्या टेबलावर कॉम्प्युटर सेंटरचा निळा नकाशा. देवास गेटवरचे पोहे, कागदाला तेल. ओंजळभर पाणी. सोमवार.

"अरे पळा ना रे! बारातीत आलात काय?"

साइडलाइनवरून यज्ञेश्वर ओरडला. तोंडात पोहे होते. त्याला ॲसिडिटी होती, रिकामं पोट चालायचं नाही.

विहंग पळाला नाही. पास दोन हात पुढून गेला आणि तो नुसता बघत राहिला.

"केबल बघून बघून घुटने गेले ह्यांचे."

एकोणीसशे शहाण्णवचा श्रावण, सीझनचा पहिला सामना. पोस्टातल्या यज्ञेश्वरने बावीस वर्षांत कॉलेजचा एकही पहिला सामना चुकवला नव्हता. आईच्या दहाव्याला तो राम घाटावरून ओल्या डोक्याने थेट मैदानावर आला होता. पण ह्या वेळी प्रिन्सिपलनी सांगूनच टाकलं होतं: हा सामना हरलात तर टीम बंद, मैदानावर कॉम्प्युटर सेंटर. कॉम्प्युटरला फी भरणारी पोरं रांगेत उभी होती. फुटबॉलला फी कोण देतो?

मागची फळी जीव तोडून खेळत होती. गोलकीपरने चार फटके अडवले. आघाडीचे तिघे, विहंग, श्रीनाथ आणि माणिक, पाय ओढत होते. एकदा माणिकच्या समोर फक्त गोलकीपर होता. फटका गवतातच विझला.

हाफ टाइम. कोच सुहास सरांनी लिंबांचा डबा फिरवला. मागच्या पोरांनी ओरबाडून घेतली. तिघांनी तोंड फिरवलं. बादलीतल्या पाण्याकडेही पाठ केली. माणिकचे ओठ पांढरे पडले होते.

सुहास सर यज्ञेश्वरजवळ आले. "काका, तुमचं ऐकतात ते. काय झालंय ह्यांना? पाणीसुद्धा घेत नाहीत. विचारलं तर गप्प."

विहंगने मान वर केली. यज्ञेश्वरकडे बघितलं. बघतच राहिला.

यज्ञेश्वरने पोह्यांच्या कागदाची गोळी केली.

"माज आहे," तो म्हणाला.

विहंगने मान खाली घातली.

शून्य-एक. शून्य-दोन. प्रिन्सिपल उठून गेले. तिसऱ्या गोलच्या वेळी श्रीनाथ मैदानाच्या मध्यावर खाली बसला तो उठलाच नाही. दोघांनी खांद्याला धरून बाहेर नेला. लांबून महाकालच्या श्रावणी सोमवारच्या सवारीचे, पालखीचे ढोल ऐकू यायला लागले, तसे उरलेसुरले प्रेक्षक तिकडे निघाले.

शिट्टी वाजली. यज्ञेश्वर एकटाच उभा होता.

"ह्या तिघांपायी गेलं सगळं," गेटवरच्या चौकीदाराला तो म्हणाला. "आमच्या वेळी आघाडी म्हणजे आघाडी होती, भैया."

रविवारी संध्याकाळी राम घाटावर यज्ञेश्वरने तिघांच्या ओंजळीत शिप्रेचं पाणी घालून त्यांच्याकडून संकल्प सोडवून घेतला होता: सोमवारी सामना जिंकून सवारीचं दर्शन होईपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि कोणापाशी बोलणंही नाही.