आतड्याचा जोड

तेजराम उंचीवर न चढता खालीच राहिला, तर जानरावच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: उंचावर लोखंड चढवणाऱ्या रिगर टोळीची शिट्टी, कारखान्याच्या वसाहतीतलं, मरोद्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर आणि वहिनीचा, म्हणजे तेजरामच्या बायकोचा, भागीरथाचा, उतरलेला चेहरा. तिसरी सगळ्यांत गोड.

दोघं एकाच आजाचे नातू. नाक तेच, चाल तीच, बशी डाव्या हातात धरायची खोडही तीच. कारखान्यात लागले तेही दोन दिवसांच्या अंतरानं. पण ते दोन दिवस तेजरामचे जास्त होते. म्हणून चौथ्या भट्टीचा सांगाडा उभा करताना क्रेनला इशारे देणारी शिट्टी त्याच्याच गळ्यात पडायची होती. जानराव दुसरा. तिसरा चंपत, त्याला कोणी विचारतही नव्हतं.

तेवढ्यात तेजराम हळदीसारखा पिवळा पडला. पित्ताची नळी आखडून बंद झाली होती. सर्जननं आतड्याचं एक वेटोळं वर ओढलं आणि नळीच्या चांगल्या भागाला शिवून टाकलं. पित्ताला नवी वाट मिळाली. दोन महिन्यांत तेजराम भाकर मागू लागला.

जानराव रोज भेटीला जायचा, संत्री न्यायचा. घरी आला की त्याला जेवण जायचं नाही.

"अर्धी भाकर टाकून उठले," त्याची बायको रंभा म्हणाली. "भाऊ बरा झाला, तं तुमचं तोंड कडू कावून?"

"ऊन लागलं. घामोळ्यानं जीव घेतला." तो तळहात खाजवत राहिला.

"घामोळं काय तळहाताले येते? दुसऱ्याचं बरं पाहून येते ते."

जानराव फोरमनकडे गेला. "साहेब, भाऊ हाय माझा, म्हणून सांगतो. ऐंशी फुटांवर जोर लागला आन् तो आतड्याचा जोड उसवला तं? बसून काम द्या त्याले."

"लिखकर दो."

जानरावनं लिहून दिलं. भावाचं नाव मात्र घातलं नाही. उद्या बोट आपल्याकडे नको. 'असलं ऑपरेशन झालेल्या कोणालाही उंचीवर चढवू नये,' एवढंच. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी हा माणूस खुशाल चढेल. फोरमनला अपघाताची धास्ती. त्यानं कागद भिंतीला लावला आणि तेजरामला स्टोअरमध्ये बोल्ट मोजायला बसवलं.

जानराव मुद्दाम बोल्ट घ्यायला गेला. तेजराम त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"जानराव, तुले खाज येऊन राहिली का?"

"कायची? तुझ्या शिट्टीची?"

"तसं नाही बावा. उजेडात ये जरा. दाक्तरले दाखव एकदा."

"दाखवतो ना. सोमवारी मेडिकलच हाय माझी. शिट्टीसाठी."

जळतो बिचारा, असं मनात म्हणत जानराव शीळ घालत निघाला.

सोमवारी डॉक्टरांनी त्याला खिडकीपाशी नेलं. एक पापणी खाली ओढली, मग दुसरी. छाती नाही तपासली, वजन नाही केलं. एवढंच विचारलं, "स्टोअरमधला तो तेजराम तुझा कोण लागतो?"

दिवाळीपर्यंत त्याच सर्जननं जानरावच्याही आतड्याचं वेटोळं तसंच वर ओढून शिवलं होतं. स्टोअरमध्ये आता दोन स्टुलं होती, आणि समोर भिंतीवर जानरावच्या अक्षरातला कागद. आतडं लागलं ते दोघा भावांचं; शिट्टी चंपतच्या गळ्यात होती.