नाव कोण सांगणार?

"बाई गं, नवऱ्याचं नाव तोंडातून काढू नको, त्याचं आयुष्य कमी होतं," असं आईने लग्नात सांगितलं होतं. तुळशीला रोज पाणी घालावं, तसं ते मी पाळत आले.

बहात्तर साली तिसगावच्या दवाखान्यात गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी करायला डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या अंगावरून जात होतं, म्हणून गेले. नर्सबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव सांगा, त्याशिवाय आत सोडत नाही. हवं तर उखाण्यात घ्या." पण शेजारी कंपाउंडर बसलेला. परपुरुषापुढे उखाणा कसा घ्यायचा? तशीच परत आले.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोबत आल्या. "माझ्या लेकाचं नाव घ्यायला मला कसली चोरी?" वाटेत हळूच म्हणाल्या, "मलाबी वरीसभर तसंच व्हतंय. कुनाला बोलले न्हाई. तुजं झालं की मीबी तपासून घेते, शबुद देते."

दवाखान्यात त्यांनी ठसक्यात लेकाचं नाव सांगितलं. माझी तपासणी झाली.

"आता तुम्ही या आजी," नर्सबाई म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. सुनेने सासऱ्यांचं नाव कसं घ्यायचं?



"डॉक्टरीणबाई सांजपस्तोर हायेत ना?" एवढंच विचारून आत्याबाई उठल्या आणि घराकडे निघाल्या, त्यांच्या नव्वदीच्या सासूला बैलगाडीत घालून आणायला.