मुसळाचा घाव

ज्येष्ठ नागरिक संघात आज प्रत्येकानं आपल्याबद्दलची कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट सांगायची होती. निवृत्त मामलेदार खानविलकरांना एकेकाची कीव येत होती. कुणाला म्हणे अजून सायकल येत नाही, कुणाच्या मावशीनं नाटकात राक्षसाचं काम केलेलं! असल्या फुटकळ माणसांत बसायची वेळ आली, म्हणून त्यांनी नाक मुरडलं.

पाळी येताच ते खाकरून उभे राहिले. "आमच्या आजोबांनी बिबट्या लोळवला. भल्या पहाटे, मुसळाच्या एका घावात! रक्तातच असावं लागतं ते, बाजारात मिळत नाही."

टाळ्या पडल्या. नव्यानंच आलेल्या धनावडेबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "भल्या पहाटे मुसळ घेऊन आजोबा काय करत होते? कांडत होते?"

हशा पिकला. खानविलकर गुरकावले, "तुम्हाला काय ठाऊक?"

"माझी आजी तुमच्या शेजारची. अंगणात पोहे कांडत होती. बिबट्या तिनं मारला. तुमचे आजोबा तेव्हा माळ्यावर चढून बसलेले. तो मेल्याची खात्री झाली तेव्हा खाली उतरले, ते मिशीला पीळ देतच."

खानविलकरांना लहानपणचं घर आठवलं. आजोबा ओटीवर ही गोष्ट रंगवायला लागले की माजघरातल्या साऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

कौतुकानं हसतात, असंच ते आजवर समजत आले होते.